जुनं आहे म्हणून माफ

सहा वर्षं मी रिफायनऱ्यांमध्ये पाइप मोजायचं काम केलं. लांबी नाही, जाडी. हातात मावेल एवढं एक यंत्र असतं, त्याला वायर आणि वायरच्या टोकाला बटणाएवढा प्रोब. पाइपवरचा रंग खरवडायचा, ग्रीसचं बोट फिरवायचं, प्रोब टेकवायचा. ध्वनिलहर पोलादातून आत जाते, आतल्या बाजूवर आपटून परत येते, आणि तिला लागलेल्या वेळावरून स्क्रीनवर आकडा उमटतो. ७.१. ६.९. ७.०. आकडा वहीत लिहायचा आणि पुढच्या खुणेकडे सरकायचं. प्रोब कुठे टेकवायचा हे आम्ही ठरवत नाही. ड्रॉइंगवर खुणा असतात. मागच्या शटडाऊनला जिथे मोजलं तिथेच या वेळी मोजायचं, म्हणजे किती झीज झाली ते कळतं. पद्धत म्हणून यात काही चूक नाही.

एका शटडाऊनला परांचीवर चढलो होतो. रिफायनरीचं नाव सांगत नाही. त्याने मुद्दा बदलत नाही. माझ्या खुणेपासून दोन फुटांवर एक एल्बो होता. एल्बो म्हणजे पाइपला वळवणारा जोड. यादीत तो नव्हता. हात पोचत होता म्हणून सहज प्रोब टेकवला, तर ४.२ आला. शेजारचा सरळ पाइप ७ दाखवत होता. पुन्हा घासला, पुन्हा ग्रीस लावलं, पुन्हा टेकवला. ४.१.

खाली येऊन सुपरवायझरला सांगितलं. त्याने यादीवरून बोट फिरवलं. “हा पॉइंट आपल्या लिस्टमध्ये नाहीये रे.”

“पण कमी येतोय, साहेब.”

“लिस्टमध्ये नाही त्याचं बिल होत नाही. आणि रिपोर्टमध्ये लिहू कुठे? कॉलमच नाही त्याला.”

तो माणूस वाईट नव्हता. जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्या डब्यातली भाजी पुढे करायचा. त्याच्याकडे १२ दिवसांत संपवायचे काही शे पॉइंट होते, आणि माझा एल्बो त्यांत नव्हता. मी परत वर गेलो, पिवळ्या मार्करने एल्बोवर गोल काढला, आत ४.१ लिहिलं आणि पुढच्या खुणेकडे सरकलो.

२१ जून २०१९ च्या पहाटे चार वाजता अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात असाच एक एल्बो फुटला. रिफायनरीचं नाव फिलाडेल्फिया एनर्जी सोल्युशन्स. ज्या युनिटात तो होता तिथे पेट्रोलचा ऑक्टेन वाढवणारा घटक तयार होतो, आणि त्यासाठी हायड्रोफ्लोरिक ॲसिड वापरतात. हे ॲसिड गळलं की ढगासारखं जमिनीलगत पसरतं. श्वासातून फुफ्फुसात आणि कातडीतून हाडापर्यंत जातं. एल्बोतून आधी प्रोपेन सुटला, दोन मिनिटांत पेटला, मग एकामागून एक स्फोट झाले. शेवटच्या स्फोटात एका मोठ्या भांड्याचा सुमारे १७ टनांचा तुकडा उडाला आणि शूलकिल नदी ओलांडून पलीकडच्या काठावर जाऊन पडला. सुमारे २,४०० किलो ॲसिड बाहेर आलं. त्यातलं काही पाण्याच्या फवाऱ्यांनी खाली पाडलं, जवळपास १,५०० किलो हवेत गेलं.

कुणी मेलं नाही. कारण कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरने वेळीच बटण दाबून युनिटातलं उरलेलं ॲसिड, दीड लाख किलोंहून जास्त, वेगळ्या सुरक्षित टाकीत उतरवलं. पाण्याचे पंप मात्र कंट्रोल रूममधून सुरूच झाले नाहीत. स्फोटाने यंत्रणा तुटली होती. एका कर्मचाऱ्याला आगीचा पोशाख चढवून स्वतः जावं लागलं आणि हाताने पंप चालू करावा लागला. तोवर सुमारे चाळीस मिनिटं गेली होती.

अमेरिकेत केमिकल सेफ्टी बोर्ड नावाची एक छोटी सरकारी संस्था आहे. ती दंड करत नाही, परवाने देत नाही. अपघात का झाला एवढंच शोधते आणि सगळं जाहीर करते. या अपघाताचा अहवाल तिने २०२२ मध्ये दिला. मी तो मोबाइलवर वाचला, रात्री एक वाजेपर्यंत. तो एल्बो १९७३ च्या सुमाराचा होता. कंपनीच्याच हिशोबाने तो ४.६ मिलिमीटरच्या खाली आला की बदलायचा. फुटला तेव्हा सर्वांत पातळ जागी ०.३ मिलिमीटर उरला होता. त्याच्या पोलादात निकेल आणि तांबं जास्त होतं, आणि असं पोलाद या ॲसिडमध्ये लवकर झिजतं. त्याच लाइनवर जवळपासच्या जागा मोजल्या जात होत्या आणि तिथले आकडे ठीक होते. एल्बो मोजायच्या यादीत नव्हता.

ते वाचून मी फोन उशीवर उलटा ठेवला आणि बराच वेळ पडून राहिलो.

पण यादीपेक्षाही मला डाचली ती अहवालातली दुसरी गोष्ट. १९७३ मध्ये असा एल्बो नियमाला धरून होता, कारण त्या पोलादात निकेल-तांबं किती चालेल यावर मानकात मर्यादाच नव्हती. १९९० च्या दशकात ती आली. ती आली नव्या मालासाठी. आधीच बसलेले एल्बो शोधा, कशाचे बनलेत ते तपासा, असं कुणावर बंधन नव्हतं. म्हणजे धोका कळला, कागदावर आला, आणि ज्यांच्यात तो प्रत्यक्ष होता त्यांनाच सोडून बाकीच्यांना लागू झाला.

इंग्रजीत या प्रकाराला ग्रँडफादरिंग म्हणतात. आजोबांना सूट. आपल्या घरातल्या आजोबांना आपण दर सहा महिन्यांनी रक्त तपासायला नेतो, ईसीजी काढतो, रात्री खोकले तर उठून बघतो. रिफायनरीतल्या आजोबांचं उलट आहे. वय झालं म्हणून तपासणी माफ.

आणि हा एका कंपनीचा गाढवपणा नाही. २००५ मध्ये टेक्सास सिटीत बीपीच्या रिफायनरीत १५ माणसं मेली, १८० जखमी झाली. तिथे जास्तीचं तेल वायूसकट एका उंच उघड्या नळकांड्यातून थेट हवेत सोडायची सोय होती, १९५० च्या दशकातली. अशी नळकांडी काढून वायू फ्लेअरमध्ये, म्हणजे रिफायनरीच्या टोकाला जळत असते त्या ज्योतीत न्यावा, असं जुन्या मालक कंपनीचंच अंतर्गत मानक १९७७ पासून सांगत होतं. १९९७ मध्ये ते नळकांडं गंजलं म्हणून बदललं. जागी काय बसवलं? तसंच दुसरं. जे १५ मेले ते सगळे कंत्राटी होते, जवळच्या तात्पुरत्या केबिनमध्ये आणि तिच्या आसपास असलेले. हे वाचताना मला आमची केबिन आठवली. ती कुठे ठेवायची हे कोण ठरवतं, असा प्रश्न सहा वर्षांत माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेचं झालं. बरं, मग घरी येऊ.

मार्च २००८ मध्ये केंद्र सरकारने तेल रिफायनऱ्यांसाठी धूर आणि सांडपाण्याची मानकं अधिसूचित केली. त्यात भट्टीच्या चिमणीतून काय किती सोडायचं याचा तक्ता आहे. तक्त्याला दोन रकाने: एक ‘अस्तित्वातील’ रिफायनरीसाठी, दुसरा नव्यासाठी. भट्टीत फर्नेस ऑइल जाळत असाल तर नव्याला एक घनमीटर धुरात ८५० मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइडची परवानगी, जुन्याला १,७००. धूलिकण नव्याला ५०, जुन्याला १००. अगदी दुप्पट. गॅस जाळला तर सल्फर डायऑक्साइडला दोघांना ५०च, हे खरं आहे आणि चांगलं आहे. मुंबईत गॅसचा वापर वाढलाय हेही खरं. पण गॅसवरही नायट्रोजन ऑक्साइड नव्याला २५० तर जुन्याला ३५०, आणि धूलिकण नव्याला ५ तर जुन्याला १०.

मला पटलेलं नाही ते हे. नियम करताना थोडी मुदत द्यावी लागते, हे मान्य. पन्नास वर्षांची भट्टी रातोरात बदलत नाही. मग मुदत द्या: तीन वर्षं, पाच वर्षं, आणि तारीख लिहा. तारीख नसलेल्या मुदतीला मुदत म्हणत नाहीत. पंधरा वर्षांची झालेली स्कूटर चालवायची तर आरटीओत नेऊन दाखवावी लागते, नव्याने नोंदवावी लागते. भट्टीने मात्र फक्त जुनं असावं.

आता ही जुनी भट्टी कुठे उभी आहे ते बघा. मुंबईत माहुल-तुर्भे पट्ट्यात दोन रिफायनऱ्या आहेत. एक १९५४ ची, मूळची स्टॅनव्हॅक म्हणजे पुढची एस्सो. दुसरी १९५५ ची, मूळची बर्मा शेल. सत्तरच्या दशकात सरकारने दोन्ही ताब्यात घेतल्या आणि त्या एचपीसीएल, बीपीसीएल झाल्या. त्यांची बरीच युनिटं नंतरची आहेत, हे न सांगणं लबाडी होईल. पण जागा तीच, आणि भोवतीचं शहर मात्र पार बदललेलं. चेंबूरला लोक गॅस चेंबर म्हणायचे तो विनोद आमच्या लहानपणीही जुना झाला होता.

“लोकांनी रिफायनरीच्या शेजारी राहायला जायचंच कशाला?” हा प्रश्न मी सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकलाय. माहुलचं कोळीगाव रिफायनरीच्या कितीतरी आधीपासून तिथे आहे. आणि दुसरे, ते स्वतः गेले नाहीत, त्यांना नेलं गेलं. माहुलला ७२ इमारतींची प्रकल्पग्रस्तांची वसाहत आहे, सतरा हजारांहून जास्त घरांची. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवल्यावर २०१७ पासून हजारो कुटुंबांना तिथे धाडलं. खिडकी उघडली की समोर टाक्या. लोकांनी आंदोलन केलं, कोर्टात गेले. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की यांना तिथे राहायची सक्ती करता येणार नाही. दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना १५,००० रुपये भाडं द्या.

त्याआधी २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादापुढे गावकऱ्यांचा खटला चालला. त्यात केईएम रुग्णालयाने केलेली पाहणी होती. पाहणीतल्या ६७.१ टक्के लोकांना महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत होती, ८६.६ टक्क्यांचे डोळे चुरचुरत होते. ऑगस्ट २०२० मध्ये लवादाने चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटींची भरपाई सांगितली. दोन रिफायनऱ्या त्यात होत्या. सर्वांत मोठा आकडा मात्र रसायनं साठवणाऱ्या एका टर्मिनलचा होता. तेव्हा सगळं पाप रिफायनरीच्या माथी मारायचं कारण नाही.

पण एक गोष्ट कामामुळे मला कळते ती सांगतो. माहुलला जो वास येतो तो बहुतेक चिमणीतून येत नाही. चिमणी उंच असते, वारा तिचा धूर दूर नेतो. वास येतो खालून: व्हॉल्व्हच्या ग्लँडमधून, फ्लँजच्या थकलेल्या गॅस्केटमधून, टाकीचं तरंगतं छप्पर आणि भिंत यांच्यामधल्या सीलमधून, टँकर भरताना झाकणातून. एकेक गळती नगण्य. अशा जागा एका रिफायनरीत हजारोंनी असतात. व्हॉल्व्हची दांडी जिथून बाहेर येते तिथे जुन्या व्हॉल्व्हमध्ये दोरीसारखं पॅकिंग ठासलेलं असतं. ते सुकलं की वाफ सुटते, फिटर येऊन नट आवळतो, महिन्याभराने पुन्हा सुटते. दांडीभोवती धातूची घडीची नळी बसवलेले व्हॉल्व्ह कित्येक दशकं बाजारात आहेत, त्यांतून जवळजवळ काही सुटत नाही. महाग असतात. म्हणून नव्या युनिटात बसतात, जुन्यात नट आवळला जातो. माहुलच्या बाईच्या डोळ्यांत जे चुरचुरतं त्यात त्या न बदललेल्या व्हॉल्व्हचाही वाटा आहे.

कुणी बघत नाही का? बघणारे पुष्कळ आहेत. स्फोटकं आणि पेट्रोलियमची सुरक्षा पाहणारी पेसो, मुख्यालय नागपूर. राज्याचं कारखाना निरीक्षक खातं. प्रदूषण नियंत्रण मंडळ. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ. आणि तेल उद्योगाची सुरक्षा मानकं लिहिणारं, तपासण्या करणारं संचालनालय, ओआयएसडी, १९८६ मध्ये स्थापन झालेलं. ओआयएसडीची मानकं चांगली असतात. मी त्यांच्या पानांवरूनच काम शिकलो. पण ते पेट्रोलियम मंत्रालयाखाली आहे, आणि सरकारी तेल कंपन्याही त्याच मंत्रालयाखाली. सासूबाईंनी सुनेची परीक्षा घ्यावी, पेपर सासऱ्यांनी तपासावेत आणि निकाल घरातच राहावा, असा तो प्रकार.

२००९ मध्ये जयपूरला इंडियन ऑइलचा डेपो पेटला, ११ दिवस जळत राहिला. चौकशी समितीचे प्रमुख एम. बी. लाल हे एचपीसीएलचे माजी अध्यक्ष. मला वाटलं होतं सारवासारव असेल. नव्हती. अहवालाने एका जुन्या व्हॉल्व्हवर थेट बोट ठेवलं: हॅमर ब्लाइंड नावाचा हा व्हॉल्व्ह बदलताना लाइन काही वेळ हवेला उघडी राहते, आणि त्याच वेळी मागचा व्हॉल्व्ह उघडा असला तर पेट्रोलचं कारंजं. तेच झालं होतं. उद्योगाला हे माहीत नव्हतं असं नाही. पण धोका कागदावर येण्यासाठी माणसं मरावी लागली आणि देशभर बातमी व्हावी लागली. ८ ऑगस्ट २०१८ ला माहुलमध्ये बीपीसीएलच्या हायड्रोक्रॅकरला स्फोटासह आग लागली, चाळीसहून अधिक जखमी झाले, चेंबूरच्या घरांना हादरे बसले. फिलाडेल्फियाच्या एल्बोची जाडी मी चेंबूरमध्ये बसून मोबाइलवर वाचू शकतो. तसं प्रत्येक मोठ्या अपघाताचं करणारी, मंत्रालयाबाहेरची, स्वतंत्र संस्था भारतात नाही.

अमेरिका स्वर्ग आहे असं मी म्हणत नाही. तिथे २०२४ मध्ये रिफायनऱ्यांना सुरक्षित पर्यायी तंत्रज्ञान तपासायला लावणारा नियम आला आणि पुढच्याच वर्षी नव्या सरकारने त्याचा फेरविचार जाहीर केला. पण कॅलिफोर्नियात वेगळं घडलं. २०१२ मध्ये रिचमंडला शेव्हरॉनच्या रिफायनरीत १९७६ चा एक पाइप फुटला. तोही चुकीच्या पोलादाचा, तोही नेमका त्या जागी न मोजलेला. धुरामुळे सुमारे १५,००० लोक दवाखान्यांत गेले. त्यानंतर राज्याने नियम बदलले. २०१७ पासून तिथल्या रिफायनऱ्यांना, जुन्यांनाही, धोका मुळातून काढता येतो का हे आधी तपासावं लागतं. नट आवळणं त्यानंतर.

पैशाचं काय, हा प्रश्न येतोच. “एवढं सगळं बदलायचं तर पेट्रोल किती महाग होईल माहितीये?” याला माझ्याकडे एक उत्तर आहे, आणि ते तुमच्या गाडीच्या टाकीत आहे. जानेवारी २०१६ मध्ये सरकारने ठरवलं की बीएस-५ वगळून थेट बीएस-६ वर जायचं, १ एप्रिल २०२० पासून. इंधनातलं सल्फर ५० पीपीएमवरून १० वर आणायचं. यासाठी जुन्या-नव्या सगळ्या रिफायनऱ्यांना नवी युनिटं उभारावी लागली, हजारो कोटी घालावे लागले. चार वर्षांत झालं. पैसा सापडला, तंत्रज्ञान सापडलं, ठेकेदार सापडले. मीही त्यांतल्या दोन कामांवर होतो. का झालं? कारण नियमात तारीख होती आणि ‘अस्तित्वातील’ असा वेगळा रकाना नव्हता. जे इंधन रिफायनरीच्या गेटबाहेर विकलं जातं त्याला सूट दिली नाही. जी वाफ गेटवरून उडून शेजारच्या खिडकीत जाते तिला दिली.

नाणार आणि बारसूवरून महाराष्ट्र कित्येक वर्षं भांडला. तिथल्या लोकांना सांगत होते की ही नव्या तंत्रज्ञानाची रिफायनरी आहे, घाबरू नका. मी दोन्ही बाजूंची भाषणं ऐकली. नवी जर इतकी सुरक्षित असेल, तर जुनी किती असुरक्षित आहे हेच तुम्ही सांगताय ना, असं कुणी विचारेल म्हणून वाट पाहत होतो. होऊ घातलेल्या रिफायनरीवर चर्चासत्रं झाली. सत्तर वर्षं चाललेल्यांवर किती झाली?

एक काम तुम्ही करू शकता. घातक रसायनांबद्दलचे १९८९ चे नियम आहेत, भोपाळनंतर केलेले. त्यांतल्या पंधराव्या नियमानुसार मोठ्या अपघाताची झळ ज्यांना बसू शकते त्यांना धोका काय आहे, अपघात झाला तर काय करायचं, हे आधी कळवणं बंधनकारक आहे. चेंबूर, वाशी नाका, माहुल, वडाळ्यात राहत असाल तर घरात विचारा: असं पत्रक कधी हातात पडलंय? नसेल तर माहितीचा अधिकार वापरून कारखाना निरीक्षक खात्याला विचारा, ते पत्रक कुणाला, कधी, कोणत्या भाषेत वाटलं. अर्जाला दहा रुपये लागतात. मी माझा टाकलाय. सोबत आणखी एक प्रश्न जोडलाय: यादीबाहेरच्या जागी जाडी कमी आढळली तर कंत्राटी कामगाराने ते कुठे लिहायचं, आणि तो कागद कुणाकडे जातो?

त्या एल्बोचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. माझा गेटपास १२ दिवसांचा होता. तेराव्या दिवशी परांची उतरवली, त्यानंतर पाइपवर इन्सुलेशन आणि त्यावर पत्रा चढवायचं काम दुसऱ्या ठेकेदाराकडे होतं. पिवळा गोल पत्र्याखाली गेला असणार.